अठरा एकर चित्रं

उन्हाळ कांद्याच्या दिवसांत लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टरची रांग लागते, तेव्हा एका ट्रॉलीच्या वाट्याला किती वेळ येतो? व्यापारी पुढे होतो, वरचे दोन-चार कांदे सारून आत हात घालतो, एक उचलून अंगठ्याने पत्ती चोळतो आणि आकडा बोलतो. चढाओढ झाली तर जरा लांबतं, नाहीतर मिनिटभरात लिलाव पुढच्या ट्रॉलीवर. चार महिन्यांच्या कष्टाला एक मिनिट! शेतकऱ्याच्या जिवाला लागणारच.

पण चित्रकाराचं नशीब याहून खोटं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये नामांकित चित्रांसमोर लोक किती वेळ उभे राहतात, हे मोजून 2001 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी निघाली 27 सेकंद. निम्मे लोक तर 17 सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते.

हा 17 चा आकडा डोक्यात घेऊनच मी पॅरिसला भाचीकडे गेलो. लूव्र संग्रहालय बघायला एक दिवस ठेवला होता. ती हसली. म्हणाली, "मामा, तिथे पस्तीस हजार वस्तू मांडलेल्या आहेत. तुम्ही किती बघणार?" मग रात्री तिच्या ओट्याशी उभं राहून मी हिशेब केला. पस्तीस हजार गुणिले 17 सेकंद म्हणजे 165 तास. संग्रहालय नऊ ते सहा उघडं धरलं, तर रोजचे नऊ तास. चहा नाही, पाणी नाही, एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत चालायचा वेळही नाही, तरी 18 दिवस लागतात. एकेका वस्तूला लिलावासारखं मिनिट दिलं तर 65 दिवस. आणि हे फक्त मांडलेल्या मालाचं झालं. संग्रहात एकूण पाच लाखांच्या आसपास वस्तू आहेत. त्या सगळ्या 17-17 सेकंदांत उरकायच्या तर, मंगळवारची सुट्टी धरून, दहा महिने. तेवढ्यात आपल्याकडे लाल कांदाही निघतो आणि उन्हाळही.

दालनांची जागा 73 हजार चौरस मीटर. हा आकडा माझ्या डोक्यात शिरेना, म्हणून एकरात केला: 18 एकर. छपराखाली!

आता गर्दी. 2024 मध्ये लूव्रला 87 लाख लोक आले. 2011 च्या जनगणनेत आपला अख्खा नाशिक जिल्हा 61 लाखांचा होता. जिल्हा रिकामा करून दारात उभा केला, तरी 26 लाख कमी पडतील. मंगळवार वगळून रोजचे धरले तर 28 हजार. माणशी साठ किलो म्हटलं तर सोळा-सतरा हजार क्विंटलची आवक झाली. भर हंगामात लासलगावात एका दिवशी साधारण तेवढाच कांदा उतरतो. फरक इतकाच की लूव्रमधली बहुतेक आवक एकाच ट्रॉलीकडे धावते.

ती ट्रॉली म्हणजे मोनालिसा. अडीच फूट उंच, पावणेदोन फूट रुंद. आकाराने गोल्टीच, बारक्या कांद्यासारखी. मला तिच्यापेक्षा वर धरलेले फोनच जास्त दिसले. तिच्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या गर्दीच्या पाठीमागे, त्याच दालनात, समोरच्या भिंतीवर व्हेरोनेजेचं 1563 चं लग्नाच्या मेजवानीचं चित्र आहे. जवळपास दहा मीटर रुंद, पावणेसात मीटर उंच. म्हणजे सव्वासातशे चौरस फूट. आमच्याकडे तेवढ्यात लोक टू बीएचके विकतात. त्या चित्रात 165 मोनालिसा मावतील. नेपोलियनच्या सैन्याने ते 1797 मध्ये व्हेनिसच्या मठातून कापून, गुंडाळून आणलं. मी त्याच्यासमोर चाळीस मिनिटं बसलो. वाढपी, वादक, कुत्री, मांजर, शंभरावर पाहुणे. बाकीचे साडेसतरा एकर पाहायचे राहिले, त्याचं काही वाटलं नाही.

परतताना आपल्याच जिल्ह्यातला एक माणूस आठवला. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळ गायकवाड, जन्म 1863. बारा वर्षांचा होईपर्यंत अक्षरओळख नव्हती. 1875 मध्ये बडोद्याला दत्तक गेला आणि महाराजा सयाजीराव झाला. 1887 पासून युरोपच्या वाऱ्या सुरू केल्या. संग्रहालयं बघून तो नुसता परत आला नाही. बडोद्यात 1894 मध्ये संग्रहालयाची इमारत उभी केली, तिच्या शेजारी 1914 मध्ये चित्रांसाठी वेगळी. युरोपात घेतलेली चित्रं महायुद्धामुळे अडकली, म्हणून गॅलरी उघडायला 1921 उजाडलं. अठरा एकरांतून परतलेल्या मला या माणसाचा हिशेब जास्त पटतो: ढिगात हात घालायचा, निवडायचं आणि आपल्या माणसांसाठी घरी आणायचं.

ती गॅलरी बडोद्याच्या सयाजीबागेत आहे. लासलगावकरांनो, व्हिसा लागत नाही.