लखनौ आणि लखनऊ: कॉम्प्युटरला हे एकच गाव वाटतं का?

मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेसने लखनौला गेलात, तर गाडी चारबागमधल्या लखनौ जंक्शनला थांबते. शेजारीच दुसरं मोठं स्टेशन आहे, लखनौ चारबाग. पहिलं पूर्वोत्तर रेल्वेचं, कोड एलजेएन. दुसरं उत्तर रेल्वेचं, कोड एलकेओ. नावं जवळपास सारखी, पण परतीची गाडी पकडताना चुकीच्या स्टेशनात शिरलात तर धावपळ ठरलेली!

आता हाच गोंधळ कॉम्प्युटरच्या नजरेतून पाहा. प्रोग्रामिंगमध्ये अक्षरांच्या ओळीला ‘स्ट्रिंग’ म्हणतात. दोन स्ट्रिंग सारख्या आहेत का, हे ठरवताना कॉम्प्युटर अर्थ बघत नाही. तो एकेक अक्षराचा क्रमांक जुळवतो. आपण मराठीत ‘लखनौ’ लिहितो, तर हिंदीत ‘लखनऊ’ लिहितात. ल, ख, न जुळतात. चौथ्या जागी मात्र ‘ौ’चा युनिकोड क्रमांक २३८० आणि ‘ऊ’चा २३१४. झालं, कॉम्प्युटरसाठी ही दोन वेगळी गावं! इंग्रजीतही तेच. मोठ्या ‘एल’चा क्रमांक ७६, लहान ‘एल’चा १०८. नावाच्या शेवटी चुकून एक स्पेस पडली, तरी उत्तर ‘वेगळं’ असंच येतं.

मराठीत आणखी एक गंमत आहे. ‘दऱ्या’ शब्दातला ‘ऱ’ एका क्रमांकाने साठवता येतो, किंवा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन क्रमांकांनी. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण थेट तुलनेत जुळत नाहीत. म्हणून प्रोग्रामर आधी दोन्ही स्ट्रिंग एकाच साच्यात आणतात. याला ‘नॉर्मलायझेशन’ म्हणतात.

जावा शिकणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. तिथे दोन बरोबरची चिन्हं स्ट्रिंगची तुलना करताना ‘ही मेमरीतली एकच वस्तू आहे का?’ असं विचारतात. अक्षरं जुळतात का, हे पाहायला ‘इक्वल्स’ वापरावं लागतं.

‘सारखं’ म्हणजे नेमकं काय, हे शेवटी माणसानेच ठरवायचं असतं. लहान-मोठी अक्षरं, जादा स्पेस चालेल का? लखनौ आणि लखनऊ एकच मानायचं का? हे नियम आधी सांगितले नाहीत, तर एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात किंवा खरं नावही ‘सापडत नाही’ म्हणून परत येतं.

म्हणून फॉर्म भरताना नाव कागदपत्रांवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर तपासून लिहा. आणि लखनौचं तिकीट काढाल, तेव्हा नावासोबत स्टेशनचा कोडही वाचा!