‘माज’, ‘पाळी’ आणि कुत्रीचे वयात येणे

‘माज’ हा शब्द ‘माजणे’ या क्रियापदाशी निगडित असून त्याचे मूळ संस्कृत ‘माद्यति’, प्राकृत ‘मज्जइ’ यांत आहे. गर्व आणि मादीची समागमोत्सुक अवस्था हे दोन्ही अर्थ त्यात नांदतात, कारण दोहोंतही नजरेत भरते ते वर्तन. शास्त्रीय परिभाषेतील ‘ईस्ट्रस’ हा शब्दही गोमाशीच्या ग्रीक नावावरून आला आहे. वॉल्टर हीप याने १९०० साली त्यावरून मदचक्राच्या अवस्थांची नावे घडविली. म्हणजे दोन्हीकडे शब्द बाह्य लक्षणाला चिकटलेला आहे. तरुण कुत्रीचा पहिला माज ‘लांबला’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते.

माज झालेला असतो, पण दिसलेला नसतो. म्हशी पाळणाऱ्यांनी यासाठी ‘मुका माज’ असा समर्पक शब्दप्रयोग रूढ केला. कुत्री पाळणाऱ्यांच्या बोलीत तो अद्याप यावयाचा आहे. पहिल्या माजात सूज व स्राव अल्प असतात, आणि कुत्री स्वतःचे अंग चाटून स्वच्छ ठेवते. अशा वेळी रक्तातील प्रोजेस्टेरॉन मोजावे. ते वाढलेले आढळल्यास गेल्या सुमारे दोन महिन्यांत बीजमोचन झाले, एवढे निश्चित होते.

शिवाय अपेक्षेचे मापही बहुधा गाईचे असते. गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते. कुत्रीच्या दोन माजांत साधारणतः सहा-सात महिने जातात, आणि बासेंजी जातीत तर वर्ष. लहान चणीच्या जातींत पहिला माज सहाव्या ते बाराव्या महिन्यात दिसतो, थोराड जातींत दीड-दोन वर्षेही लागतात. तेव्हा चौदा महिन्यांच्या ग्रेट डेनला माज आणणारी औषधे टोचणे अनुचित होय. चोवीस महिने उलटल्यावर मात्र तपासणी हवी. तीत कुपोषण, गुणसूत्रांतील दोष, स्टेरॉइडसारखी औषधे यांचा विचार होतो. आणि कुत्री दुसऱ्याकडून आणलेली असेल, तर अंडाशय पूर्वीच काढलेले नाहीत ना, हा साधा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

(भाद्रपदातील कुत्र्यांविषयीची आपली म्हण निव्वळ कुचेष्टा नव्हे. जयपूरच्या भटक्या कुत्र्यांविषयी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही पावसाळ्याच्या उत्तरार्धाकडे झुकणारा हंगाम आढळला. घरात पोसलेल्या कुत्रीत हे बंधन फारसे राहत नाही.)

‘माज’ या शब्दापेक्षा अधिक घातक शब्द म्हणजे शहरी घरांत शिरलेला ‘पाळी’. स्त्रीच्या ऋतुस्रावात गर्भधारणा न झालेल्या चक्राची अखेर असते. कुत्रीचा रक्तस्राव ही चक्राची सुरुवात होय. सुमारे नऊ दिवसांच्या या पूर्वमाजात ती नराला जवळ येऊ देत नाही. पुढे स्राव फिकट होतो, ती शेपूट बाजूस सारून उभी राहते, आणि फलनक्षम काळ तेथे येतो. ‘पाळी संपली’ म्हणून तिला मोकळी सोडणारा मालक नेमक्या याच दिवसांत निर्धास्त असतो. तरुण कुत्रीत तर पूर्वमाज मध्येच विरून काही आठवड्यांनी पुन्हा सुरू होतो. या खंडित माजाच्या पहिल्या भागात बीजमोचन होत नाही.

‘वयात आली’ या प्रयोगानेही असाच घोटाळा होतो. पहिल्या माजात गर्भ राहू शकतो, परंतु त्या वेळी कुत्रीची स्वतःचीच वाढ पुरी झालेली नसते. खुब्याच्या सांध्यातील आनुवंशिक दोषाचा निर्णायक दाखला काही संस्था क्ष-किरण चित्रावरून दोन वर्षांनंतरच देतात. म्हणून जबाबदार पैदासकार पहिला माज, आणि बहुधा दुसराही, रिकामा जाऊ देतात.