शंभर वर्षे काठावर

ऑलिंपिकने महिलांना सांघिक खेळांत कधी घेतले, याची नुसती सनावळी मांडली तरी बरेच काही कळते. व्हॉलीबॉल १९६४, बास्केटबॉल आणि हँडबॉल १९७६, हॉकी १९८०, फुटबॉल आणि सॉफ्टबॉल १९९६. हिवाळी ऑलिंपिकमधली आइस हॉकी १९९८. वॉटरपोलो त्याही नंतर, २००० साली. खरे तर हा ऑलिंपिकमधल्या सर्वांत जुन्या सांघिक खेळांपैकी एक. पुरुषांचे सामने १९००च्या पॅरिस ऑलिंपिकपासून होत आले आहेत. एकाच खेळात पुरुष पाण्यात आणि महिला काठावर, अशी तब्बल शंभर वर्षे गेली.

स्विमसूट घालून बायकांनी चारचौघांत पाण्यात उतरावे का, हा वाद विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होता हे खरे. पण पोहण्याच्या शर्यती महिलांसाठी १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्येच सुरू झाल्या होत्या. १०० मीटर फ्रीस्टाइलचे पहिले सुवर्णपदक ऑस्ट्रेलियाच्या फॅनी ड्युरॅकने तिथेच जिंकले. तिथून पुढे वॉटरपोलोला आणखी ८८ वर्षे का लागली? उत्तर शोधायचे तर स्पर्धेच्या जागावाटपाकडे पाहावे लागते.

वर दिसतो तेवढाच खेळ नाही

वॉटरपोलो टीव्हीवर पाहणाऱ्याला जेमतेम अर्धा दिसतो. प्रत्येक संघाच्या सात जणी पाण्यात असतात, त्यांतली एक गोलरक्षक. आठ-आठ मिनिटांची चार सत्रे. तळाला पाय टेकून खेळायचे नाही. चेंडू एका हातानेच हाताळायचा. दोन हात लावायची मुभा फक्त गोलरक्षकाला. मग तरंगत राहायचे कसे? त्यासाठी दोन्ही पाय रवीसारखे आलटून-पालटून, न थांबता फिरवायचे. या पायांच्या जोरावर खेळाडू कमरेपर्यंत पाण्याबाहेर उसळते, हात मागे नेते आणि तीन मीटर रुंद, ९० सेंटीमीटर उंच गोलच्या दिशेने चेंडू भिरकावते. महिलांचा चेंडू थोडा लहान, ६५ ते ६७ सेंटीमीटर परिघाचा. मैदान २५ मीटरचे. पुरुषांसाठी ते अनेक वर्षे ३० मीटर होते.

उरलेला अर्धा खेळ पाण्याखाली चालतो. गोलकडे पाठ करून असणारी आक्रमक खेळाडू आणि तिला रोखणारी बचावपटू यांची झोंबाझोंबी अखंड सुरू असते. धरणे, ओढणे, बुडवणे हे सगळे पंचाच्या नजरेआड होईल तेवढे होते. म्हणून सामन्याआधी खेळाडूंची नखे तपासतात. स्विमसूट जाड कापडाचा आणि अंगाला घट्ट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मुठीत सहज येऊ नये. टोपीला कानांवर प्लॅस्टिकच्या वाट्या असतात. गंभीर फाउल झाला की खेळाडूला काही सेकंद बाहेर बसावे लागते आणि तेवढ्यात एका जास्तीच्या खेळाडूचा फायदा उठवून समोरचा संघ गोल करायला पाहतो. बहुतेक चुरशीचे सामने याच काही सेकंदांत जिंकले किंवा हरले जातात.

या धसमुसळेपणाची ख्याती जुनी आहे. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हंगेरी आणि सोव्हिएत संघाच्या पुरुषांमधला सामना रक्तबंबाळ होऊन संपला होता. असा खेळ बायकांचा नव्हे, असे म्हणून मोकळे होणे त्यामुळे सोपे गेले.

खेळाडू होत्या, स्पर्धा नव्हती

प्रत्यक्षात बायका केव्हाच्या खेळत होत्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपासून युरोपात, विशेषतः नेदरलँड्समध्ये, महिलांचे सामने होत. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही क्लब होते. मात्र देशाबाहेर खेळायला अधिकृत स्पर्धा नव्हती. ती कोंडी सत्तरच्या दशकाच्या शेवटी फुटू लागली. १९७८च्या पश्चिम बर्लिनमधल्या जागतिक जलतरण स्पर्धेत महिलांचा वॉटरपोलो प्रदर्शनीय खेळ म्हणून दाखवण्यात आला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या मर्सेड गावी महिलांचा पहिला विश्वचषक झाला आणि अमेरिकेने तो जिंकला. १९८५मध्ये ऑस्लोला पहिली युरोपीय स्पर्धा झाली, विजेता नेदरलँड्स. १९८६मध्ये माद्रिदला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, विजेता ऑस्ट्रेलिया.

म्हणजे १९८६पर्यंत खेळाला जगज्जेते होते, युरोपचे विजेते होते, नियम होते, पंच होते. तरीही १९८८, १९९२ आणि १९९६ अशी तीन ऑलिंपिक कोरडी गेली. फार थोडे देश खेळतात, हा एक आक्षेप होता. त्याहून मोठी अडचण खेळाडूंच्या एकूण संख्येवरच्या मर्यादेची. ऑलिंपिकमध्ये खेळाडू किती असावेत याला कमाल मर्यादा असते. महिलांचे संघ घ्यायचे तर कुठल्या तरी जागा कमी कराव्या लागतात, आणि पुरुषांच्या १२ संघांना हात लावायची कोणाची तयारी नव्हती.

हा उशीर कोणाला किती महागात पडला, हे मॉरीन ओटूल यांच्या कारकिर्दीवरून समजते. अमेरिकेच्या ओटूल यांना त्यांच्या काळात जगातली सर्वोत्तम महिला वॉटरपोलोपटू मानले जाई आणि तसा सन्मान त्यांना अनेकदा मिळाला. ऑलिंपिक नावाची गोष्ट मात्र त्यांच्या खेळात नव्हतीच. नव्वदच्या दशकात त्या निवृत्त झाल्या. महिलांचा समावेश होणार हे ठरल्यावर त्या परतल्या आणि सिडनीत उतरल्या तेव्हा ३९ वर्षांच्या होत्या. पंचविशीत आणि तिशीत ज्या उंचीवर त्या होत्या, ती ऑलिंपिकच्या प्रेक्षकांनी कधी पाहिलीच नाही. ऑस्ट्रेलियाची डेबी वॉटसन १९८६च्या जगज्जेत्या संघात होती. तिला पहिले ऑलिंपिक खेळायला चौदा वर्षे थांबावे लागले.

सिडनीचा दबाव, सिडनीचा सामना

२०००चे ऑलिंपिक सिडनीला मिळाले आणि ऑस्ट्रेलियन खेळाडूंनी संधी ओळखली. आपल्याच घरी स्पर्धा, आपला संघ जगज्जेता होऊन गेलेला आणि आपल्यालाच आत जागा नाही, ही गोष्ट त्यांनी गप्प बसून सोसली नाही. पत्रे, बैठका, वर्तमानपत्रांतून टीका असे सगळे मार्ग झाले. बाहेरदेशीचे क्रीडा पदाधिकारी सिडनी विमानतळावर उतरले, तेव्हा त्यांच्या स्वागताला खेळाडू स्विमसूट घालून हजर राहिल्या. छायाचित्रकारांना हवे ते मिळाले, पदाधिकाऱ्यांना नको होते ते. अखेर महिलांना प्रवेश मिळाला, पण हात आखडूनच. पुरुषांचे १२ संघ, महिलांचे सहा.

ऑस्ट्रेलिया, अमेरिका, रशिया, नेदरलँड्स, कॅनडा आणि कझाकस्तान हे ते सहा. अंतिम सामना २३ सप्टेंबरला ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका यांच्यात रंगला. तलावाभोवती सुमारे १७ हजार प्रेक्षक होते. महिला वॉटरपोलोने एवढी गर्दी तोवर पाहिली नव्हती. संपायला जेमतेम १३ सेकंद उरले असताना अमेरिकेच्या ब्रेंडा व्हियाने गोल करून ३-३ अशी बरोबरी साधली. जादा वेळ खेळावा लागणार असे वाटत असताना ऑस्ट्रेलियाला फाउलवर चेंडू मिळाला. इव्हेट हिगिन्सने लांबून फेकला आणि तो जाळ्यात गेला, तेव्हा घड्याळात १.३ सेकंद शिल्लक होते. ४-३. ओटूल यांच्या गळ्यात रौप्यपदक पडले, वॉटसनच्या गळ्यात सुवर्णपदक. या खेळाला प्रेक्षक मिळणार नाहीत, हा आक्षेप त्या दिवसानंतर टिकला नाही.

पुढची सहा ऑलिंपिक

२००४मध्ये अथेन्सला इटलीने यजमान ग्रीसला जादा वेळेत १०-९ असे हरवले. २००८मध्ये बीजिंगला नेदरलँड्सने अमेरिकेवर ९-८ अशी मात केली. त्या नऊपैकी सात गोल एकट्या डॅनिएल डी ब्रूनचे. पहिल्या तीन ऑलिंपिकमध्ये तीन वेगळे विजेते, आणि तिन्ही अंतिम सामने एका गोलाच्या फरकाने सुटले.

त्यानंतर अमेरिकेची सद्दी सुरू झाली. २०१२, २०१६ आणि टोकियो अशी सलग तीन सुवर्णपदके, तीही मोठ्या फरकाने: स्पेनवर ८-५, इटलीवर १२-५, पुन्हा स्पेनवर १४-५. याचे मूळ तलावात कमी आणि कायद्यात जास्त आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेद करता येणार नाही, असा कायदा अमेरिकेने १९७२मध्ये केला. त्यापोटी विद्यापीठांना मुलींचे संघ काढावे लागले, त्यांच्यासाठी प्रशिक्षक आणि शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. २००१पासून महिला वॉटरपोलोची राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धा सुरू झाली. ओटूल यांच्या पिढीला मुलांच्या संघांत खेळून शिकावे लागले होते; नव्या पिढीला स्वतःचा तयार रस्ता मिळाला. पुढे कर्णधार झालेल्या मॅगी स्टेफेन्सने १९व्या वर्षी लंडनच्या अंतिम सामन्यात पाच गोल केले, ते याच रस्त्याने येऊन. गोलरक्षक अ‍ॅशली जॉन्सन २०१६मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक वॉटरपोलो संघातली पहिली कृष्णवर्णीय महिला ठरली. तलाव, क्लबची फी आणि शाळेतली सोय कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाच्या नाही, हेही तेवढ्यावरून उमजते.

२०२४मध्ये पॅरिसला स्पेनने ऑस्ट्रेलियाला ११-९ असे हरवून सुवर्ण घेतले. अमेरिका चौथी आली. त्या ऑलिंपिकआधीची एक गोष्ट पदकांपेक्षा बोलकी आहे. आपल्या संघातल्या अनेकींना पोटासाठी दुसरी, कधी तिसरी नोकरी करावी लागते, असे स्टेफेन्सने समाजमाध्यमावर लिहिले. ते वाचून रॅप गायक फ्लेव्हर फ्लेव्ह पुढे आला आणि संघाचा प्रायोजक झाला. तीनदा ऑलिंपिक जिंकलेल्या संघावर ही वेळ असेल, तर बाकी देशांतल्या मुलींची स्थिती वेगळी सांगायला नको.

खेळाचा नकाशाही अजून तोकडा आहे. पहिल्या सात ऑलिंपिकची सगळी पदके युरोपातले देश, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातच वाटली गेली आहेत. आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या वाट्याला एकही आलेले नाही.

आपल्याकडचे अंतर

भारताचा या खेळाशी संबंध आहे, पण त्यातही तोच क्रम दिसतो. १९५१च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुषांनी वॉटरपोलोचे सुवर्णपदक जिंकले. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्येही भारताचा पुरुष संघ खेळला. त्याच ऑलिंपिकमध्ये मुंबईची डॉली नझीर आणि बंगालची आरती साहा या भारताच्या पहिल्या महिला जलतरणपटू शर्यतींत उतरल्या. दोघींना पोहायला मुभा होती. चेंडू घेऊन खेळायला स्पर्धाच नव्हती. आशियाई स्पर्धेत महिलांचा वॉटरपोलो आला तो २०१०मध्ये, ग्वांगझूला. पुरुषांनंतर ५९ वर्षांनी.

मोजायचे काय?

महिलांना प्रवेश मिळाला की प्रश्न मिटला, असे क्रीडासंघटनांना वाटते. या खेळाचा हिशेब वेगळे सांगतो. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे संघ १२च राहिले. महिलांचे सिडनीत सहा होते, अथेन्सपासून आठ झाले, टोकियो आणि पॅरिसला दहा. दोन संघ कमी म्हणजे दोन देशांतल्या मुलींना चार वर्षांच्या मेहनतीनंतर घरी बसावे लागणे, आणि त्या देशांच्या संघटनांना महिलांच्या खेळावर खर्च न करण्याचे निमित्त मिळणे. ज्या देशाला ऑलिंपिकची आशाच नाही, तो मुलींसाठी तलावाची वेळ कशाला राखून ठेवील?

म्हणून दरवाजा कधी उघडला याच्याबरोबरच आत किती जागा दिल्या हे विचारायला हवे. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच पुरुषांचे १२ आणि महिलांचेही १२ संघ खेळणार आहेत. ही बरोबरी व्हायला ऑलिंपिकला १२८ वर्षे लागली.