मद्यपीचा सार्वजनिक उपद्रव आणि कायदा

‘शुद्धीत नव्हता, सोडून द्या,’ असे म्हणून गावात मद्यपीच्या आरडाओरड्याकडे व शिवीगाळीकडे काणाडोळा केला जातो. परिणामी, दिवेलागणीनंतर चावडीपुढून जाणेही स्त्रियांना नकोसे होते. कायदा मात्र ही सबब मानीत नाही. स्वेच्छेने केलेली नशा हा सामान्यतः बचाव ठरत नाही.

दिनांक १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५५ अन्वये, नशेत सार्वजनिक ठिकाणी लोकांना उपद्रव देणाऱ्यास २४ तासांपर्यंत साधी कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अथवा सामुदायिक सेवेची शिक्षा होऊ शकते. पूर्वीच्या दंड संहितेत या दंडाची मर्यादा अवघी १० रुपये होती. अश्लील शब्दांनी इतरांना त्रास दिल्यास कलम २९६ अन्वये ३ महिन्यांपर्यंत, तर स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करण्याच्या हेतूने अपशब्द उच्चारल्यास कलम ७९ अन्वये ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. शिवाय, महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम ८५ नुसार मद्यधुंद गैरवर्तन हा स्वतंत्र गुन्हा आहे.

तेव्हा पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी अशा प्रसंगी हातघाईवर न येता, पोलीस पाटलांमार्फत पोलीस ठाण्यास वेळीच खबर द्यावी. आजच्या शिवीगाळीची दखल घेतली, तर उद्याची मारामारी टळू शकते.