रेशनच्या रांगेतलं संशोधन

‘कॉम्प्युटर शिकवतेस, मग रेशनच्या दुकानात बसून काय करतेस?’ रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या मावशी नेहमी विचारतात. मी त्यांना सांगते, माणसं आणि संस्था तंत्रज्ञान कसं वापरतात, हाच माझा अभ्यास. व्यवस्थापनाच्या शिक्षणात या शाखेला ‘माहिती प्रणाली’ म्हणतात. रायपूरमध्ये राहून तो करायला मिळणं, हे मी भाग्य समजते.

कारण छत्तीसगडचं रेशन. 2004 मध्ये सरकारनं खासगी दुकानदारांकडून दुकानं काढून पंचायती, सहकारी संस्था आणि बचत गटांकडे दिली. 2007 पासून धानखरेदी ते दुकानापर्यंतचा हिशोब संगणकावर आला. 2012 मध्ये रायपुरात ‘कोअर पीडीएस’ ही रेशनची ऑनलाइन व्यवस्था सुरू झाली आणि कार्डधारकाला दुकान निवडता येऊ लागलं. एका दुकानात वागणूक वाईट मिळाली, तर बाई कार्ड घेऊन दुसरीकडे जाऊ शकते. यंत्राची खरी करामत मला इथे दिसते: त्यानं गिऱ्हाइकाच्या हाती निवड दिली. पण आधी दुकानांची मालकी बदलली नसती, तर नुसत्या यंत्रानं किती साधलं असतं?

असाच प्रश्न एमआयटीच्या वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी एका बड्या सल्लागार कंपनीत विचारला होता. कंपनीनं माहिती वाटून घेण्यासाठी ‘लोटस नोट्स’ हे सॉफ्टवेअर आणलं. पण बढती मिळे ती स्वतःच्या हुशारीवर, मग आपली माहिती दुसऱ्याला कोण देणार? त्यांचा 1992 चा तो निबंध मी दरवर्षी वर्गात शिकवते.

संशोधनाच्या या वाटेवर पीएच.डी.लाच चार-पाच वर्षं जातात. संख्याशास्त्र शिकावं लागतं आणि तासन्‌तास लोकांचं ऐकत बसावंही लागतं. निबंध पाठवला की अनोळखी परीक्षक तो तपासतात, शंका काढतात, पुन्हा लिहायला लावतात. छापून यायला कधी कधी वर्षं लागतात.

तरीही मुलांनी इकडे यावं, असं मला मनापासून वाटतं. विशेषतः छत्तीसगढी बोलणाऱ्यांनी. रेशनच्या दुकानात ठसा घेताना कष्टानं झिजलेलं बोट यंत्र कधी ओळखत नाही, नेटवर्क जातं, आणि एखादी म्हातारी मजुरी बुडवून परत फिरते. किती धान्य वाटलं, ते संगणक सांगतो. ती का परतली, हे तिच्याच बोलीत विचारावं लागतं, आणि ते उत्तर यंत्रणा आखणाऱ्यांपर्यंत पोचवणं हे आमचं काम आहे.