अठ्ठेचाळिशीतही बर्फावर!

आईस हॉकीत डिफेन्समन म्हणजे धडका देणारा आणि खाणारा गडी. गोलसमोर उभं राहायचं, कडक रबराची पक अंगावर झेलायची, वर प्रतिस्पर्ध्याला कडेच्या फळ्यांवर दाबून धरायचं. हे काम क्रिस चेलिऑसने एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये तब्बल २६ हंगाम केलं!

शिकागोत जन्मलेला हा ग्रीक वंशाचा अमेरिकन. १९८४च्या साराएव्हो ऑलिंपिकनंतर लगेच माँट्रियलकडून उतरला, १९८६मध्ये एनएचएल विजेत्यांचा स्टॅनले कपही जिंकला. पुढे शिकागो, मग डेट्रॉइट. सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी तीनदा मिळाली, पण मला खरी गंमत वाटते ती त्याच्या व्यायामाची. गडी सॉनाच्या भट्टीत सायकल ठेवून पॅडल मारायचा! आपण तिथे नुसते बसलो तरी पाच मिनिटांत दार शोधू. (घरी करून बघू नका, प्लीज.)

स्वभावाने साधू मात्र नव्हता. शिक्षेची २,८९१ मिनिटं नावावर आहेत, म्हणजे जवळपास ४८ तास पेनल्टी बॉक्समध्ये!

२००९-१०मध्ये तो चक्क खालच्या लीगमध्ये, शिकागो वुल्व्हजकडून खेळत होता. तिथून अटलांटाने बोलावलं आणि सात सामने खेळून ४८व्या वर्षी तो थांबला. एकूण सामने १,६५१. डिफेन्समनमधला हा विक्रम पुढे २०२२मध्ये स्लोव्हाकियाच्या झ्देनो खाराने मोडला. सहा फूट नऊ इंचांचा खारा! त्याच्यावर वेगळी पोस्ट लिहावीच लागेल.