इंजिनाची श्वासनळी आणि तेलाचा डबा

उसाच्या हंगामात अंथुर्ण्याच्या रस्त्याला भवानीनगरच्या साखर कारखान्याकडे ऊस नेणारे ट्रॅक्टर तुम्ही पाहिले असतील. त्यांतला एखादा जुना ट्रॅक्टर थांबला म्हणजे इंजिनाच्या बाजूने खाली आलेली नळी पाहा. तिच्या तोंडाशी तेलाचा थेंब लोंबत असतो. ही इंजिनाची श्वासनळी.

हे तेल येते कोठून? सिलिंडरमध्ये इंधन जळून झालेले वायू दट्ट्याला खाली ढकलतात. दट्ट्याभोवती रिंगा असल्या, तरी थोडा वायू फटींतून खाली तेलाच्या भागात उतरतोच. त्याला वाट दिली नाही, तर दाब वाढून तेल सीलमधून बाहेर येईल. म्हणून ही नळी. वायूबरोबर तेलाचे तुषारही निघतात.

मोटारींत हा वायू पुन्हा इंजिनाच्या हवेच्या मार्गात सोडतात. प्रदूषण टाळण्यासाठी ही पद्धत अमेरिकेत १९६० च्या दशकात रूढ झाली. वाटेत डबा बसवून त्यातील तेल अडवायचे, हीच ‘ऑइल कॅच कॅन’ची कल्पना.

एस.टी. वळते तेव्हा उभा प्रवासी सरळच जाऊ पाहतो. तसेच डब्यात वायू एकदम वळला, की तेलाचा थेंब भिंतीवर आदळतो. १० मायक्रॉनचा थेंब १ मायक्रॉनच्या थेंबाच्या १००० पट जड असतो; हवेचा विरोध मात्र सुमारे १० पटच. म्हणून मोठे थेंब सापडतात, बारीक निसटतात. त्यांच्यासाठी आत जाळी लागते.

मग डबा घ्यावा का? उघड्या नळीच्या ट्रॅक्टरात तेल इंजिनात परत जातच नाही. डब्याने जमीन तेवढी स्वच्छ राहील. झडपेआधी पेट्रोल फवारले जात असेल, तर पेट्रोलच झडप धुते. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात मात्र झडपांवर काजळी साचते. तेथे चांगला डबा काही अंशी उपयोगी पडतो. पण तो वेळेवर रिकामा करावा लागतो.

विद्यार्थी मित्रांनो, घरी ट्रॅक्टर असेल, तर वडीलधाऱ्यांना सांगून नळीखाली बाटली टांगा. नळीचे तोंड मात्र बुजवू नका. दर आठवड्याचे तेल मोजून वहीत लिहा. आकडा वाढत गेला, तर बहुधा रिंगा झिजल्या आहेत. त्या रोगावर डबा हे औषध नव्हे. गाळप बंद असताना मिस्त्रीला दाखवलेले बरे. ऐन हंगामात भरलेली ट्रॉली रस्त्यात अडकली, तर खर्च कितीतरी अधिक.